फेलिस्ताचे चार साक्षीदार

३ ऑगस्ट, बुधवार

लिसुम्बेला पोचले. झोम्बाहून सहा तास मिनीबस, मांडीवर शेजारणीची कोंबडी, आणि तरी मी खुशीत आहे. निवृत्त झाल्यापासून मला कुणी कामाचं म्हणून बोलावलं नव्हतं. तीस वर्षं न्यायालयात जबान्या लिहिल्या. खरं सांगेन अशी शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलणारी माणसं इतकी पाहिलीत की आता नुसत्या खाकरण्यावरून ओळखते. बिशपांच्या कचेरीला अशीच कुणीतरी हवी होती.

काम असं. पेत्रो नांजीवा नावाचे इथले धर्मशिक्षक १९७९ साली वारले. दोन वर्षांनी गावातली नऊ वर्षांची मुलगी तलावात बुडाली. तिच्या आईनं प्रेत उचलून पेत्रोंच्या कबरीवर ठेवलं आणि मुलगी उठून बसली. असं गाव म्हणतं. पेत्रोंना संतपद मिळावं म्हणून बिशप कागद रोमला पाठवणार आहेत, पण त्यात डोळ्यांनी पाहिलेल्यांच्याच जबान्या चालतात. असे साक्षीदार चार. प्रश्न फादर अन्सेल्मो विचारणार, लिहिणार मी.

मिशनच्या पाहुण्यांच्या खोलीचे पत्रे वाऱ्यानं नेलेत, म्हणून मला उतरवलंय खुद्द त्या मुलीच्या घरी. न्यायालयात असं केलं असतं तर साहेबांनी माझं डोकं खाल्लं असतं. मुलगी कसली, चव्वेचाळीस वर्षांची, चांगली भरलेली बाई. फेलिस्ता. धक्क्यावर मंदासी, पिठाचे गोड गोळे, तळून विकते. दारातच म्हणाली, "या बाई, मेलेल्या माणसाच्या हातचं जेवायला भिणार नाही ना?" आणि स्वतःच इतकी हसली की मीही हसले. रात्री मक्याच्या पिठाची न्सिमा आणि परतलेले उसिपा, तलावातले बारके मासे. मी दोनदा घेतले.

५ ऑगस्ट, शुक्रवार

फेलिस्ता सगळ्यांची थट्टा करते. फादरांना म्हणते, तुमचं प्रवचन ऐकून मी दुसऱ्यांदा मरेन. नवरा दक्षिणेला खाणीत. थोरले दोघे शहरात, घरात धाकटी सहा वर्षांची एनलेस. मागच्या झोपडीत आई वेलोनिका, अंथरुणाला खिळलेली. चार साक्षीदारांत तीही आहे.

एनलेसनं विचारलं की तुम्हाला मुली आहेत का. मी सांगितलं, एक होती, टियामिके, अकराव्या वर्षी तापानं गेली. सतरा वर्षं झाली. फोटो एकच होता, तो तिच्या बापानं मरताना स्वतःच्या शवपेटीत मागून घेतला, त्याच्याबरोबर पुरला. तिला नीट आठवणारी आता मी एकटीच. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. फेलिस्तानं माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्यात तीन चमचे साखर घातली.

८ ऑगस्ट, सोमवार

पहिली जबानी. साक्षीदार सबिना, वेलोनिकाची बहीण. आत आली ती तेवीस वर्षांची पोर. मला वाटलं चुकून आली. फादरांनी विचारलं, प्रसंग पाहिला का. म्हणाली, पाहिला, मी कबरीच्या डोक्याशी उभी होते. मी वय विचारलं. म्हणाली, तेव्हा छत्तीस.

मग कळलं. इकडे माणूस मेला की त्याच्या नावावर घरातलं दुसरं माणूस बसवतात. नाव घेतलं की ते माणूसच झालं. त्याची नाती ह्याची, त्यानं केलेलं ह्यानं केलेलं. त्याची बायको ह्यालाही नवराच म्हणते. आमच्या आजोळी हे होतं म्हणे. मी झोम्बाच्या मिशनशाळेत वाढले, आम्ही ते कधीच सोडलं. चौकशी केली तर चारांपैकी तीन मूळ साक्षीदार केव्हाच वारलेत आणि त्यांच्या नावांवर बसलेले लोक दर वर्षी त्या दिवशी कबरीपाशी उभे राहून "मी पाहिलं" म्हणतात. पस्तीस वर्षं एकदाही चुकवलेलं नाही.

मी फादरांना सांगितलं, ही ऐकीव साक्ष, रोममध्ये दोन मिनिटं टिकायची नाही. त्यांनाही पटलं. सबिनाला शुभवर्तमानावर हात ठेवून म्हणायला लावलं की मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पाऊण तास समजावावं लागलं. शेवटी म्हणाली आणि अंगठा उठवला. मग प्रेतामागून चालणाऱ्या बायकांसारखी रडत गेली. मी लाल शाईनं जबानी खोडली. खोडताना जुना हुरूप आला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी फेलिस्ता पाय धरून बसली होती. ऊन असून पावलं गार पडलीत म्हणाली. मी हात लावून पाहिला. तळापर्यंत बुडवून काढल्यासारखी गार होती.

११ ऑगस्ट, गुरुवार

दुसरा साक्षीदार, योहाने. मूळचा कबर खणणारा, हा त्याच्या बहिणीचा मुलगा, कोळी, चाळिशीला टेकलेला. ह्याची जबानी लिहिताना मी थोडी थबकले. मुलीच्या कुठल्या कानातून आधी पाणी आलं, क्रुसाचा कुठला हात तेव्हा मोडलेला होता, सगळं न अडखळता. जुन्या नोंदवहीशी ताडून पाहिलं, क्रुसाचं बरोबर निघालं. पण जन्म १९७७ चा, आणि त्या साली तो तलावाच्या पलीकडल्या काठावर होता. स्वतःच कबूल केलं.

तो सबिनासारखा रडला नाही, चिडला. म्हणाला, "बाई, तुमच्या कागदाला डोळे आहेत का? मग तो कसा म्हणतो मी पाहिलं नाही?" फादरांनी दरडावलं तेव्हा हात ठेवला. जाताना दारात वळून म्हणाला की फेलिस्ताचं काही झालं तर तुमच्या दारात येईन. धमक्या मला नव्या नाहीत.

१५ ऑगस्ट, सोमवार

मारियेचा सण. फेलिस्ता सगळ्यांत पुढे उभी राहून गात होती. तिचे केस ओले होते. नहाण्याचे नव्हेत, पाणी मानेवरून सतत उतरत होतं आणि खांद्यावर गुंडाळलेलं नवं चितेंजेचं कापड भिजून काळं पडलं होतं. शेजारच्या बाया हळूहळू दूर सरकल्या.

एनलेस संध्याकाळी माझ्या मांडीवर येऊन सांगत होती की आई आता झोपेत श्वास घेत नाही. तिच्या छातीवर कान ठेवला की तलाव ऐकू येतो. मी म्हटलं, पोटातला वारा असतो बाळा. ती म्हणाली, वारा नाही, लाटा.

१७ ऑगस्ट, बुधवार

तिसरा साक्षीदार बेनेदिक्तो, मूळचा देवळाचा सेवक. त्याच्या नावावर इथल्या शाळेचे मास्तर. शिकलेला माणूस, गावाच्या रीतीची लाज वाटते. समजवावं लागलंच नाही. हसत म्हणाला, मी काही पाहिलं नाही, म्हाताऱ्यांच्या समाधानासाठी उभा राहतो. सही ठोकली. दहा मिनिटांत काम झालं.

आम्ही चहा घेत होतो तोवर धक्क्यावरून आरडाओरडा. धावत गेले. फेलिस्ता तळता तळता कोसळली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या कढईत. ओढून काढला. त्वचेवर डाग नाही, फोड नाही. कढईतलं तेल मात्र थिजलं होतं. खाली निखारे लाल होते. मी स्वतः बोट लावून पाहिलं. हे मी शपथेवर लिहू शकते.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण असं घडेल असं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

दवाखान्यातल्या माणसाला नाडी सापडली नाही. त्यानं दोष आपल्या यंत्राला दिला, फादरांनी योगायोगाला. फादर कागद घेऊन बिशपांकडे गेले, महिन्याभरानं येतील. मी सबिनाच्या दारात गेले, पाया पडले म्हणा ना. म्हटलं, पोरी, परत म्हण की तू पाहिलंस, मी नवा कागद करते. तिनं पाट दिला, पाणी दिलं आणि सांगितलं की देवाच्या पुस्तकावर हात ठेवून थुंकलेलं चाटता येत नाही. त्या दिवसापासून तिला काही आठवतही नाही. आधी मोठ्या सबिनाचं सगळं आठवायचं, भावाच्या लग्नातलं भांडणसुद्धा. आता नुसती तेवीस वर्षं आहेत म्हणाली, फार रिकामं वाटतं. योहाने घरी भेटला नाही. मास्तर भेटले, हसत नव्हते; सही फिरवता येत नाही म्हणाले.

फेलिस्ता अंथरुणावर आहे. बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलीय. माझी थट्टा करते अजून. म्हणाली, "ताई, तुमची लाल शाई भलतीच कडक हो." मी बाहेर जाऊन रडले.

२२ ऑगस्ट, सोमवार

आता एकच उरली, वेलोनिका. खरीखुरी डोळ्यांनी पाहिलेली. फादरांची वाट न बघता वही घेऊन तिच्याजवळ बसले. फेलिस्ताचा सगळा जीव ह्या एका जबानीवर आहे हे तिलाही ठाऊक होतं. मी विचारलं, पाहिलंत ना? म्हातारी म्हणाली, मी तिथं होते, लिही. मी म्हटलं, आई, पाहिलं असं म्हणा. तिनं उलट विचारलं की तुझी मुलगी गेली तेव्हा तू कुठे होतीस. मी सांगितलं, खाटेजवळ. तिनं डोळे मिटले. 'पाहिलं' हा शब्द वहीत आलाच नाही.

२४ ऑगस्ट, बुधवार

वेलोनिका पहाटे गेली.

आठ वाजता फेलिस्ताच्या तोंडातून पाणी यायला लागलं. स्वच्छ, गार, न थांबणारं. डोळे उघडे, हालचाल नाही. एनलेस चादरीनं टिपत होती, पिळत होती, पुन्हा टिपत होती.

गावातल्या बायका अंगणात बसल्या. कुजबुज नाही, समोरासमोर बोलल्या. माती पडायच्या आत कुणीतरी वेलोनिकाच्या नावावर बसायला हवं. घरात बाई उरली एक सबिना, तिनं हात ठेवून नाकारलेलं. एनलेस लहान. फेलिस्ता स्वतःचीच आई कशी होणार? मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या; तीन आठवडे मीही त्याच घरात जेवत होते. मागितलं कुणीच नाही. एक म्हातारी एवढं म्हणाली की नीट विचार कर गं, एका अंगात दोन आया मावत नाहीत, जी बसते तिला आपलं आधीचं उठवावं लागतं. मी हो म्हटलं. ती पोर चादर पिळत होती. दुसरं काय म्हणणार होते मी?

२५ ऑगस्ट, गुरुवार

काल चटईवर बसवलं. डोक्यावर वेलोनिकाचं चितेंजे, कपाळाला पीठ, गळ्यात तिचे मणी. एकेकीनं पुढे येऊन हाक मारली, वेलोनिका. मी ओ दिली. मग म्हणाले, मी पाहिलं, माझी मुलगी उठली. माझ्याच तोंडून खोटी साक्ष. तीस वर्षांची अब्रू गेली म्हणायची.

आतून खोकल्याचा आवाज आला. फेलिस्ता भिंतीला धरून दारात आली आणि म्हणाली, भूक लागलीय. तिचा हात हातात घेतला. ऊबदार होता. मी किती रडले ते लिहीत नाही.

तिनं मला आई म्हटलं. सतरा वर्षांनी कुणी म्हटलं.

२७ ऑगस्ट, शनिवार

दर सकाळी तिच्यासमोर म्हणायचं. मी पाहिलं, माझी मुलगी उठली. चार साक्षीदारांचा भार एकटीवर, म्हणून वर्षातून एकदा पुरत नाही. हरकत नाही. ती पुन्हा मंदासी तळते, गिऱ्हाइकांना टोमणे मारते.

आज चुलीपाशी मला फेलिस्ताचं बाळंतपण आठवलं. हिचं स्वतःचं, ही जन्मली ते. कुणी सांगितलेलं नाही. कळांसकट आठवलं.

नंतर टियामिकेचा जन्म आठवायला गेले. दवाखान्याची भिंत आठवली, हिरवी. बाळ नाही आठवलं.

२९ ऑगस्ट, सोमवार

टियामिकेचा पुढचा दात वाकडा होता. डावा की उजवा. मला ठाऊक असायला हवं.

तिचा आवाज — कालपर्यंत होता. आज हाक आठवते, आवाज नाही.

तो दिवस आज पूर्ण दिसला. लिहून ठेवते, नाहीतर हेही कुणाचं होईल कोण जाणे. मी कबरीजवळ गुडघ्यांवर आहे. मुलगी कबरीवर आडवी. निळी. ती उठत नाही. मी प्रार्थना करते, ती उठत नाही. ऊन चढतं, माश्या येतात. ती मेलेलीच आहे. मग मी त्या तिघांकडे वळते, पदर पसरते, म्हणते, मला दिसत नाही, तुम्ही म्हणा. तुम्ही म्हणा दिसतंय. सबिना आधी म्हणाली. माझी बहीण, तिला माझी कीव आली. हो, हलली. मग योहाने, फावडं टाकून. हो, डोळा उघडला. मग बेनेदिक्तो. मग मी. आणि मग बोट हललं.

आधी साक्ष. चमत्कार मागून.

म्हणून म्हातारी "पाहिलं" म्हणत नव्हती.

३० ऑगस्ट, मंगळवार

खाटेजवळ मीच होते. परिचारिका अजून नाडी शोधत होती. आधी मीच म्हणाले, गेली. सवय — खरं ते सांगायची. माझी आई होती, नवरा होता, ती परिचारिका होती. मी धरून चार. नुसतं म्हणायचं होतं —

कुणी सांगितलं नाही मला. देवा, कुणी का नाही सांगितलं.

१ सप्टेंबर, गुरुवार

फेलिस्ताला कळलं. मी झोपेत बोलते म्हणे. माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "आई, बास आता. मला पस्तीस वर्षं वरची मिळाली. तुमच्या लेकीला उणी अकरा. आजपासून माझं म्हणू नका. तिचं म्हणा."

आज नाही म्हटलं. दुपारपर्यंत. तिचे ओठ निळे झाले, ती हसून म्हणे, काही होत नाही. एनलेस ओरडायला लागली. मी म्हटलं. लगेच म्हटलं.

जिवंत आहे तिला कशी मारू. आणि मेलेली आहे तिला — पुन्हा —

२ सप्टेंबर

हे वाचणाऱ्यानं, जो कुणी असेल त्यानं, म्हणावं. चार जण लागतात. माझी मुलगी टियामिके. वय अकरा. दात वाकडा. शिट्टी वाजवायची, मुलींनी वाजवू नये म्हणून मी मारायची. आंब्याच्या कोयी जमवायची. उजव्या गुडघ्यावर — गुडघ्यावर काहीतरी होतं. म्हणा की पाहिली. एवढंच म्हणा. खोटं असलं तरी चालेल. मी अगाता कलिंडे, न्यायालयाची कारकून, सांगते की खोटं असलं तरी चालेल.

३ सप्टेंबर

सकाळी म्हटलं. फेलिस्ता बरी. उसिपा वाळत घातले.

काहीतरी विसरले. घरभर शोधलं.

४ सप्टेंबर, रविवार

मिस्सा झाली. फेलिस्ता सुरेख गायली. लेकीचा आवाज लहानपणापासून चांगला.

उशाशी ही वही सापडली. कुणी अगाता नावाची बाई इथे उतरली होती वाटतं, तिचीच असणार. अक्षर वळणदार आहे. थोडं वाचलं. फार वाईट वाटलं, तिची मुलगी वारलीय बिचारीची. लिहिते की कुणीतरी म्हणा, मी तिला पाहिली. आईचं मन मला कळतं. म्हणायला काय जातं, माझ्यासाठीही एकदा तिघं म्हणाली होती. पण ती तिघं निदान तिथं होती, त्यांनी पोरीला खेळताना तरी पाहिलं होतं. उगाच देवासमोर कसं म्हणू. फेलिस्ता दारात उभी राहून का रडतेय कळत नाही. म्हणते, आई, म्हणा ना, नाव तरी घ्या तिचं. घेतलं असतं गं. पण खरं सांगते, शपथेवर सांगते, त्या मुलीला मी आयुष्यात कधी पाहि